माणशी एक लिटर

एप्रिलच्या तीन तारखेला, भर दुपारी, श्यामसुंदर कोतवडेकरने स्वतःच्या घरातल्या कपाटाला कंटेनरचं सील ठोकलं.

कपाट हॉलच्या कोपऱ्यातलं, कमरेएवढं, प्लायवूडचं. आत रमचे दोन खंबे आणि दोन क्वार्टर. सील मात्र खरंखुरं, जासईच्या यार्डातलं: बोटाएवढी लोखंडी खीळ, डोक्यावर पिवळं प्लास्टिक, त्यावर नंबर. कुलपाच्या कड्यांतून खीळ घालून त्याने खालून टोपण दाबलं. टक् झालं. हा आवाज त्याने चाळीस वर्षं ऐकला होता, पण घराच्या भिंतींत तो पहिल्यांदाच झाला, आणि त्याला उगाच वाटलं की आत कुणीतरी राहून गेलं.

कुलूप का नाही, असं विचारायला घरात कोणी नव्हतं. स्मिता भाजीला गेली होती. विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर होतं. कुलपाची किल्ली आपल्याच खिशात असते. सील एकदा लागलं की उघडत नाही, कापावं लागतं, आणि कापायला हातभर दांड्यांचा कटर लागतो. तो सानपाड्यात कुणाच्या घरी नसतो.

त्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या मालाशेजारी उभं राहण्यात गेलं होतं. एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात तो कारकून होता. आधी मुंबईच्या गोदीत, मग काम खाडीच्या ह्या बाजूला आलं तसा तोही आला. काम सांगायला सोपं. परदेशातून कुणाचा तरी माल येतो. तो सोडवायला कागद लागतात. कागद घेऊन यार्डात जायचं, कस्टमचे साहेब येईपर्यंत थांबायचं, ते आले की सील कापायचं, दार उघडायचं, आतला माल कागदाशी जुळतो हे दाखवायचं, की पुन्हा नवीन सील. साहेब यायला दोन तास लागत, कधी दोन दिवस. पत्र्याच्या त्या गल्ल्यांत सावलीसुद्धा गरम असायची. त्याने इटलीच्या फरशा पाहिल्या, कोरियाचे फ्रीज पाहिले, एकदा चर्चची घंटा पाहिली, स्कॉचचे कंटेनर तर कितीतरी. त्यातलं काही आपलं नाही ह्याचं त्याला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला जो जोर लागतो तो घरी येईपर्यंत संपलेला असायचा.

साडेसातला तो बाल्कनीत बसायचा. दोन पेग, मोठे, पाणी घालून, वर शेंगदाणे. ग्लास वेगळा होता. तो स्वतः विसळायचा, स्वतः पुसून कपाटात ठेवायचा. पस्तीस वर्षांत स्मिताने त्या ग्लासाला किंवा बाटलीला हात लावला नव्हता. त्यात भांडण नव्हतं, तशी घडी बसून गेली होती. श्यामसुंदर पिऊन कधी पडला नाही, ओरडला नाही, कुणावर हात उचलला नाही. तो फक्त साडेसातला बाल्कनीत जायचा आणि नऊला जेवायला उठायचा. मधला दीड तास तो कुठे असायचा हे त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली होती. यार्ड सुटलं होतं, थकवा सुटला नव्हता.

मेच्या चार तारखेला दोघं नॉर्वेला निघणार होती. मुलगी ऋता तिथे बर्गन शहरात राहायची. जावई आशुतोष तिथल्या एका कंपनीत जहाजांची डिझाइनं करायचा. ऋताचं पहिलं बाळंतपण मेच्या अखेरीस होतं. नव्वद दिवस राहायचं ठरलं. तिकिटं जावयाने काढली.

महाग देश म्हणजे काय ते त्याला नझीरने सांगितलं. नझीर मुकरी, यार्डाच्या गेटवरचा सुपरवायझर, राहणारा उरणचा, पंचवीस वर्षांचा दोस्त. पाच वेळचा नमाजी, थेंबाला शिवलेला नाही, पण दारूच्या कंटेनरचे नियम त्याच्याइतके कुणाला पाठ नव्हते. मार्चमध्ये एकदा श्यामसुंदर वेळ जात नाही म्हणून यार्डावर गेला, तेव्हा गेटजवळच्या टपरीवर हे बोलणं झालं.

"नॉर्वे? शामभाय, मेलात तुमी," नझीर म्हणाला. "आमचा सैफ जाऊन आलाय ना जहाजावर. बोलतो, पप्पा, तिथं बिअर पिली तं पगार खलास. कडक माल फक्त सरकारी दुकानात. शनवारी दुपारी शटर पडतं ते सोमवारी उघडतं. एका खंब्याच्या पैशात आपल्याकडं चार येतील."

"चार?"

"तुमच्या ब्रँडचे पाच." नझीर खूश होऊन हसला. "जावयाला काय सांगनार? बाबा रे, सासऱ्यासाठी रोज हजार रुपये जाळ?"

श्यामसुंदरला हसू आलं नाही. नझीरने थट्टेत म्हटलं तेच त्याच्या मनात आठवडाभर काट्यासारखं होतं. पोरीच्या घरी एका घोटासाठी जावयाचं पाकीट उघडायला लावायचं, इतका खाली तो आयुष्यात कधी गेला नव्हता.

"कोटा असेल ना," तो म्हणाला.

"कोटा तं हाय. आनि एक सांगू? सैफच्या जहाजावर एक फिलिपिनो होता. बंदर यायच्या आधी महिनाभर तो काय पियाचाच नाय. टाकी एकदम सुकवायची. मग एका घोटात काम. अर्ध्या पैशात फुल."

घरी येऊन श्यामसुंदरने मोबाइलवर नियम वाचले. माणशी एक लिटर कडक दारू, पुढे कर. खंबा साडेसातशेचा, क्वार्टर एकशेऐंशीची, मिळून नऊशेतीस. लिटरच्या आत. हे जुळल्यावर त्याला बऱ्याच दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं. मग त्याच ओळीतला पहिला शब्द त्याने पुन्हा वाचला. माणशी. माणसं दोन होती.

स्मिताचा लिटर फुकट जाणार होता. तिच्या बॅगेत एक खंबा, एक क्वार्टर, तिच्या पासपोर्टवर. कायद्याने चूक काही नव्हतं. दोघांचे मिळून बासष्ट लहान पेग झाले असते. बुधवार आणि शनिवार, दोन-दोन, नव्वद दिवस निघाले असते, वर आशुतोषसोबत बारशाला बसायला दहा उरले असते. एवढ्यावर भागायला अंग आधी सुकवायला हवं होतं. म्हणून महिनाभर आधी चारही बाटल्या आणल्या, आत ठेवल्या, आणि वर सील. निघायच्या दिवशी कापायचं. तेव्हाच स्मितालाही सांगायचं. त्याच्या धंद्यात कागद मागितल्याशिवाय दाखवत नसत.

स्मिता भाजी घेऊन आली, चपला काढल्या, आणि तिची नजर कपाटावर गेली.

"हे काय?"

"सील."

"ते दिसतंय मला."

"लावलं," तो म्हणाला. पुढचं बोलायला तोंड उघडलं, पण ती भाजीच्या पिशवीसकट सोफ्यावर बसली होती आणि त्याच्याकडे पाहत होती. असं तिने त्याच्याकडे पाहिल्याला किती वर्षं झाली होती हे त्याला आठवेना. तो गप्प राहिला.

सीलबद्दल तिला एकच गोष्ट माहीत होती, आणि ती तिने त्याच्याच तोंडून ऐकलेली होती. त्याचा भावाशी कोकणातल्या जमिनीवरून झालेला वाद मिटला तेव्हा तो म्हणाला होता, सील ठोकलं. सोसायटीच्या कमिटीवर पुन्हा उभं राहणार का, असं कुणी विचारलं तेव्हाही, सील ठोकलं. एकदा सील ठोकलं की विषय संपला, हे त्याचं घरातलं बोलणं होतं. यार्डात सील ठोकायचं ते पुढच्या गेटवर कापण्यासाठी, हे दुसरं अर्धं त्याने घरी कधी आणलंच नव्हतं.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

त्या संध्याकाळी साडेसातला तो सवयीने बाल्कनीत गेला. हात रिकामे. समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर एसीचे डबे घरघरत होते, त्यांचं पाणी खालच्या पत्र्यावर ठिबकत होतं. बाल्कनीत खुर्ची एकच असायची. मागून फरशीवर काहीतरी घासत आल्याचा आवाज आला. स्मिता जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणत होती. मग आत जाऊन दोन कप घेऊन आली.

पहिला आठवडा वाईट गेला. झोप लागेना, जेवण बेचव, दुपारी चारपासूनच अंगात कुणीतरी येरझाऱ्या घालायला लागे. स्मिताने काही विचारलं नाही. तिने शेंगदाण्यांऐवजी भाजके चणे आणून ठेवले, लिंबू सरबत करून ठेवलं, आणि साडेसातला खुर्ची ओढत आणली. चौथ्या दिवशी ऋताचा व्हिडिओ कॉल आला. नेहमी ती आईशी बोलायची आणि शेवटी "बाबा कसे आहेत" विचारायची. ह्या वेळी स्क्रीनवर आल्या आल्या म्हणाली, "बाबांना दे."

"बाबा, आईने सांगितलं मला."

"काय?"

"तेच. कपाटाचं." तिचे डोळे सुजलेले दिसत होते, पण गरोदर बाईचे असतातही. "मी काही बोलत नाही. तुम्ही या फक्त."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. त्याने स्मिताकडे पाहिलं. ती ओट्यापाशी पाठ करून उभी होती आणि नळ उगाच सोडलेला होता.

"येतोय," तो म्हणाला.

मग दिवस जात राहिले, आणि एकेका दिवसाबरोबर सांगणं जड होत गेलं. यार्डात पडून राहिलेल्या कंटेनरवर दिवसाचं भाडं चढत जावं तसं. स्मिता बाल्कनीत बसून बोलायची. तिच्यापाशी इतकं बोलणं साठलेलं असेल ह्याची त्याला कल्पना नव्हती. तिला एकदा गाडी चालवायला शिकायचं होतं. वाशीच्या क्लासचा फॉर्म आणून तिने सहा महिने उशीखाली ठेवला होता. तिची आई गेली तेव्हा तिला रडू आलं नव्हतं आणि ह्याची तिला अजून भीती वाटायची. शेजारच्या ईश्वरीबाईंना ती मनातून घाबरायची. श्यामसुंदर ऐकायचा. कधी कंटाळायचाही; कंटाळा आला की आतलं कपाट आठवायचं. पण साडेसातला खुर्चीचा आवाज यायला दोन मिनिटं उशीर झाला तर मान मागे वळायची.

सत्तावीस एप्रिलला ती म्हणाली, "एक सांगायचंय. रागवाल का?"

"सांग."

"ऋताने आधी मला एकटीलाच बोलावलं होतं."

एसीचं पाणी ठिबकत होतं.

"आशुतोषलाच चमत्कारिक वाटलं. तो म्हणाला, बाबांना असं कसं वगळायचं. मग दोन तिकिटं काढली. चूक माझीच आहे खरं तर. मी तिला एक जुनी गोष्ट सांगून बसले."

"कोणती?"

"ती पाच महिन्यांची होती. तुम्ही इथेच बसला होतात, तिला मांडीवर घेऊन. मी वरण उकळतंय का बघायला आत गेले. आले तर तुमचा डोळा लागलेला, आणि ती घसरत घसरत गुडघ्यापर्यंत आलेली. मी धरली."

"मला हे माहीतच नाही."

"तुम्हाला जागच आली नाही. मी तुम्हाला काय सांगणार होते?" तिचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसा होता. "त्यानंतर साडेसातनंतर तिला तुमच्याकडे दिली नाही, बस. तुम्ही मागितलीही नाहीत. पुढे तिलाच सवय झाली. शाळेच्या सह्या ती साडेसातच्या आत घ्यायची."

त्याला त्या सह्या आठवल्या. प्रगतिपुस्तक हातात घेऊन घड्याळाकडे बघणारी मुलगी आठवली. वक्तशीर पोर आहे, असं तो ऑफिसात कौतुकाने सांगायचा.

"आता तिला सांगितलंय मी," स्मिता म्हणाली, "काळजी करू नकोस, ते दिवस गेले."

रात्रभर त्याने दोन पर्याय फिरवून पाहिले. सील तसंच ठेवून जायचं. म्हणजे स्मिता म्हणते ते खरं होईल. पण तो स्वतःला ओळखत होता. परक्या देशात दहाव्या-बाराव्या दिवशी तो ते सरकारी दुकान शोधत निघाला असता, खिशात जावयाचे पैसे घेऊन. तिथे मे-जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो म्हणे. संध्याकाळच होत नाही अशा ठिकाणी साडेसात कसे टाळायचे? दुसरा पर्याय, गुपचूप न्यायची. गुपचूप नेली तर एकच लिटर, आणि पोरीच्या घरात बाथरूममध्ये उभं राहून प्यायची. सील न तुटता मागच्या बिजागऱ्या खोलून माल काढलेले कंटेनर त्याने पाहिले होते. नंबर जुळायचा, आत मालाऐवजी खडी निघायची.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी चारला, नझीर आला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, श्यामसुंदरनेच मागवलेला कटर.

हॉलभर बॅगा उघड्या पडल्या होत्या. छताच्या हुकला वजनकाटा टांगलेला. माणशी तेवीस किलो. स्मिता जमिनीवर बसून पुड्या मोजत होती: डिंक, अळीव, सुंठ, खारकेची पूड, मेतकूट. लाडू नव्हते. तुपाचे लाडू तिकडे नेता येत नाहीत, दुधाचं काहीच चालत नाही, हे श्यामसुंदरनेच नियम वाचून सांगितलं होतं, आणि त्या दिवशी ती हिरमुसली होती. तिकडचं तूप घेऊन तिकडेच लाडू वळायचे असं तिने मग ठरवलं होतं.

"या नझीरभाई. सईदा नाही आली?"

"तिचे पाय दुखतात, वहिनी. दुवा दिलीय तिनं पोरीसाठी." नझीरने वर्तमानपत्र सोफ्यावर ठेवलं. दांडे बाहेर डोकावत होते.

"हे काय आणलंत?"

नझीरने श्यामसुंदरकडे पाहिलं. श्यामसुंदरने कपाटाकडे पाहिलं. स्मिताने दोघांकडे पाहिलं, आणि हातातली सुंठीची पुडी खाली ठेवली.

"कटर आहे तो," श्यामसुंदर म्हणाला. "सील कापायला."

"कशाला?"

"आतलं न्यायचंय."

"कुठे?"

"तिकडे. ऋताकडे. तिथे फार महाग आहे म्हणून... इथूनच घेऊन ठेवली होती. महिनाभर नाही घेतली, ती कमी लागावी म्हणून. तिथे थोड्यात भागावं." तो थांबला. अजून एक राहिलं होतं. "मी सोडली असं म्हणालो नव्हतो, स्मिता."

"नाही. तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात."

नझीर उठला. "वहिनी, मी निघतो. गाडी नो-पार्किंगमधे हाय."

"बसा, नझीरभाई. चहा टाकलाय." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. तो बसला. "म्हणजे तुपाचा लाडू चालत नाही आणि हे चालतं?"

"नियम आहे तसा. माणशी एक लिटर."

"माणशी." तिने तो शब्द सावकाश म्हटला. मग कपाटाकडे बघत म्हणाली, "आत किती आहे?"

"दोन खंबे. दोन क्वार्टर."

"दोन कशाला?"

त्याची नजर तिच्या उघड्या बॅगेकडे गेली. तिला ते हळूहळू कळत गेलेलं त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि नझीर आपल्या चपलांकडे बघत होता.

"माझ्या बॅगेत," स्मिता म्हणाली. "पस्तीस वर्षं मी त्या ग्लासाला शिवले नाही, आणि तुम्ही माझ्या बॅगेत." तिला हसू आलं, पण ते मधेच कुठेतरी संपलं. "मी महिनाभर खुर्ची ओढत आणत होते हो."

"माहितेय मला."

"मला वाटलं तुम्ही माझ्याशी बोलताय. तुम्ही सुकत होतात."

"दोन्ही होतं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं, पण ह्या वेळी खऱ्याला काही किंमत नव्हती.

ती उठून आत गेली, चहा गाळून आणला, नझीरला दिला, त्याला दिला. मग मोबाइल त्याच्यासमोर धरला. "ऋताला मी सांगितलं होतं. आता तुम्ही सांगा. माझ्याच्याने पुन्हा होणार नाही."

ऋता स्वयंपाकघरात होती. मागच्या खिडकीत पांढरा, सपाट उजेड.

"बाबा, बॅगा झाल्या?"

"होतायत. ऋता, आईने तुला सांगितलं ना मी सोडली म्हणून. सोडली नाही. तिथे महाग म्हणून महिनाभर थांबवली होती. आईला वाटलं सोडली, मी काही बोललो नाही."

ऋताने मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला.

"तुम्ही पैसे वाचवत होतात," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले होते, बाबा." तिने नाक ओढलं. पुढचा आवाज वेगळा होता, कोरडा, त्याच्याच यार्डातल्या आवाजासारखा. "किती आणताय?"

"कोट्यात आहे. आईचा धरला तर..."

"आईचा धरू नका."

"नाही धरत. एक खंबा, एक क्वार्टर."

"आणा. मी नको म्हणणार नाही. नको म्हटलं की तुम्ही इथे दुकान हुडकाल. पण एक ऐका. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी बाळाला हात लावायचा नाही. संध्याकाळीच नाही, सकाळपासून. तो अख्खा दिवस."

"सकाळी कशाला गं? सकाळी तर मी अगदी..."

"बाबा. साडेसातला काय होणार ते तुमच्या तोंडावर सकाळी दहालाच दिसायचं. मी तुमच्याच घरात वाढलेय."

तो हं म्हणाला. तिने आईला द्यायला सांगितलं नाही. "नीट या," म्हणाली आणि फोन ठेवला.

नझीरने चहा संपवला होता. त्याने कटर कागदातून काढून श्यामसुंदरच्या हातात दिला, दांडे त्याच्याकडे करून, यार्डात साहेब उभे असताना देतात तसा. श्यामसुंदर कपाटासमोर उकिडवा बसला. गुडघे वाजले. पहिल्या दाबाला खीळ तुटली नाही. त्याच्या दंडात पूर्वीचा जोर नव्हता. नझीर पुढे झाला तेव्हा त्याने मानेनेच नको म्हटलं, दांडा मांडीला टेकवला आणि अंगाचा भार टाकला. खीळ तुटून टोपण सोफ्याखाली गेलं.

चारही बाटल्या त्याने जमिनीवर मांडल्या. स्मिता आपल्या पुड्यांपाशी बसली होती, बघत नव्हती. त्याने एक खंबा उचलून आपल्या बॅगेत शर्टांमध्ये ठेवला, बाजूला क्वार्टर. बॅग काट्याला टांगली. बावीस पूर्णांक आठ. बसत होतं.

तो काट्याकडे बघत उभा राहिला. खंब्याचे पंचवीस लहान पेग, दोन-दोनने साडेबारा दिवस. क्वार्टरचे सहा, म्हणजे तीन. साडेपंधरा दिवस त्याला त्या घरात खिडकीपाशी बसायचं होतं आणि पलीकडच्या खोलीतलं रडणं कुणीतरी दुसऱ्याने उचलून घ्यायचं होतं. बाकीचे दिवस बाळ त्याचं. हा भाव फार नव्हता, थोडाही नव्हता. चाळीस वर्षं तो लोकांच्या मालाचे असेच भाव ऐकत आला होता आणि कधी एकदाही त्याला वाटलं नव्हतं की आपल्याला ह्यातलं काही घ्यायचंय की नाही असं कुणी विचारतंय.

पार न्यायचीच नाही, असं मनात आलं. आलं तसं त्याने तपासून पाहिलं. त्या निश्चयाच्या आतही खडीच निघाली.

त्याने बॅग खाली घेतली, शर्ट बाजूला केले आणि खंबा काढून जमिनीवर ठेवला. क्वार्टर राहू दिली. एका मोज्यात घातली.

"तीन दिवस," तो म्हणाला. "नव्वदात तीन."

स्मिताने वर पाहिलं. शाबास म्हटलं नाही, की अजून कमी करा असंही नाही. तिने महिन्यापूर्वी एकदा विश्वास ठेवून पाहिला होता.

"ह्या बाकीच्या न्याल का, नझीरभाय?" श्यामसुंदरने विचारलं.

"तोबा! सईदा मला गाडीसकट बाहेर ठेवेल." नझीर कटर गुंडाळायला लागला. "कपाटात असू द्या. पळून जातात का कुठं?"

स्मिता गुडघ्यावर हात टेकून उठली. खंब्याच्या जागी शर्टांमध्ये एक खड्डा पडला होता. तो अजून भरला नव्हता, तेवढ्यात तिने आपल्या बॅगेतून डिंकाच्या दोन पुड्या आणून त्यात कोंबल्या, मग अळीव, मग खारकेची पूड, फटीत मेतकूट, कोपऱ्यात सुंठ. घाईघाईने, दाबून दाबून, कुणी अडवायच्या आत भरावं तसं. तिथे आता बोटही गेलं नसतं.

"बसा बॅगेवर," ती म्हणाली.

तो बसला. बॅग त्याच्याखाली हळूहळू दबली. स्मिताने चेन धरली आणि त्याच्या पायांना वळसा घालत ओढायला लागली. "हलू नका," ती म्हणाली, आणि तो हलला नाही.